घाटापुरती पाठराखीण

दसरा सरला की वापीच्या आमच्या सोसायटीत, खाली गाड्या लावतात तिथे, माणसं वाकलेली दिसू लागतात. कुणी चाकं दाबून बघतंय, कुणी बॉनेट उघडून काही कळत नसताना गंभीर चेहऱ्याने उभं आहे, कुणाची बायको वरून गॅलरीतून ओरडते आहे, "अहो, स्टेपनीत हवा आहे का?" कारखान्यांना दिवाळीची सुट्टी लागते आणि अख्खं गाव एकदम आपापल्या गावाला निघतं. यंदा त्या वाकलेल्या माणसांत आमची रेवा होती. लायसन्स काढून तिला बरेच दिवस झाले, पण घाटात तिच्या हाती गाडी कधी दिली नव्हती. यंदा देणं भाग होतं, कारण तिच्या बाबांच्या गुडघ्याने क्लचशी बोलणंच सोडलं आहे.

तिने हवा भरून आणली, कूलंट बघितलं, वायपरची रबरं बदलली, जॅक जागेवर आहे की नाही तेही पाहिलं. मग डिकीतून एक पिवळा टॉवेल काढला आणि समोरची काच पुसायला घेतली. माझ्या तोंडून "अगं" निघून गेलं.

"काय गं?"

"काही नाही. पूस."

पुसू दिलं. टॉवेलच तो, काच पुसायलाच बरा. पण त्या दिवशी वर येऊन चिवडा भाजायला घेतला आणि पोहे करपवले. पिवळा रंग डोळ्यांसमोरून हलेना.

माझं माहेर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं एक लहान गाव. सासर वर देशावर, बार्शीकडे. आणि संसार गुजरातच्या वेशीवर वापीला, कारण ह्यांची नोकरी तिथली. देवाने मुद्दाम खोडी काढावी तसं झालं. वापीहून सासरी जाणारी रेल्वे माझ्या माहेरातूनच जाते. दिवाळीची सुट्टी मोजकी, आणि ती सासरची. त्यात चर्चेला जागा नव्हती. थोरल्या सुनेने दिवाळीत माहेरी उतरायचं म्हणजे गावाला महिनाभराचा विषय. मे महिन्यात माहेर मिळायचं, तेही रेवाचे क्लास सुरू झाल्यावर आटत आटत गेलं. आणि दिवाळीत, जेव्हा जगातल्या सगळ्या लेकींना माहेराची ओढ लागते तेव्हा, मी माहेराच्या मधोमध खिडकीशी बसायचे आणि पुढे निघून जायचे.

पण रेल्वेने माझ्यावर एक उपकार केला होता. त्या उपकाराचं नाव घाट. कर्जतच्या पुढचा चढ असा आहे की पुढचं इंजिन एकट्याने भरलेली गाडी वर नेऊ शकत नाही. म्हणून गाडी कर्जतला थांबायची, मागून आणखी इंजिनं जोडली जायची, ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत न्यायची आणि तिथे सुटून परत खाली यायची. रेल्वेची माणसं त्या इंजिनांना बँकर म्हणतात. प्रवासी त्यांना काहीच म्हणत नाहीत, ते तेवढ्यात वडे खाऊन घेतात. आमची आई त्यांना पाठराखीण म्हणायची.

हे नाव पडलं माझ्या लग्नात. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते. चार दिवस राहते, नवरीला तिथे रुळवते, रात्री ती रडली तर तिच्या पाठीवर हात ठेवते आणि परत येते. ती पाठराखीण. ती कुणीही असते, मावशी, आत्या, धाकटी बहीण. आई मात्र नसते. आईने जायचं नसतं, असा आमच्याकडचा रिवाज. माझ्याबरोबर मावशी निघाली होती. सगळं वऱ्हाड कर्जतच्या फलाटावर, आणि बायका ठरल्याप्रमाणे रडत होत्या. आई रडत नव्हती. ती गाडीच्या शेवटाकडे बघत होती. तिथे एक इंजिन मागून हळूहळू येऊन गाडीला लागलं होतं. तिने हमालाला विचारलं, "ह्ये मागं कशाला रं?"

"घाट हाय ना मावशे. मागनं ढकलतं. लोनावल्याला सोडतं आन् येतं परत."

"परत येतं?"

"घाटापुरतंच हाय त्याचं काम."

"म्हंजे पाठराखीनच की," आई म्हणाली. हमाल हसला. मग ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाय, भिऊ नको. तुज्यासंगं दोन दोन पाठराखिनी हायेत." तेव्हा मात्र मी रडले.

आई स्वतः कधी घाट चढली नव्हती. जन्म घाटाखाली गेला, घरातून रोज गाड्या वर चढताना ऐकू यायच्या, ठाकुरवाडीच्या बाजूने डोंगरात घुमणारा तो आवाज आम्हा पोरांना अंगाईसारखा होता, पण आई वर गेली नाही. काम पडलं नाय, म्हणायची. लेक वर दिली, तरी काम पडलं नाही. रिवाज असे चलाख असतात.

दिवाळीच्या प्रवासाची तयारी म्हणजे आमच्या घरी परीक्षा असायची आणि ह्यांचा चेहरा परीक्षकाचा. पत्र्याची ट्रंक बाकाखाली सरकवून साखळीने बांधायची, किल्ली ह्यांच्या कमरेला. रेवाच्या फ्रॉकच्या आत नाव-गावाची चिंधी शिवायची, गर्दीत हरवलीच तर. घाटात तिचं पोट ढवळतं म्हणून आमसुलांची डबी माझ्या पिशवीत वरच. पुऱ्या पहिल्या दिवशीच्या वेगळ्या, दुसऱ्या दिवशीच्या वेगळ्या. आणि एक नियम दगडावर कोरलेला: वाटेत फलाटावर कुणी उतरायचं नाही. "गाडी सुटली आणि तू खाली राहिलीस तर?" हे दर वर्षी विचारत. मी मान हलवायचे. कर्जतपुरतं मनात म्हणायचे, राहिले तर राहिले.

माझी स्वतःची तयारी एकच. कल्याण सोडलं की पिशवीतून पिवळा टॉवेल काढायचा आणि खिडकीच्या गजाला बाहेरून दिसेल असा बांधायचा. आईला डब्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांचाही सणाच्या गर्दीत उपयोग नसे. डबा एकीकडे येणार म्हणून उभं राहावं तर तो दुसरीकडेच. पिवळा टॉवेल मात्र फलाटाच्या टोकावरून दिसायचा. मग आई पळायची. तिच्यामागे माझा भाऊ दत्तू, डोक्यावर बोचकं घेऊन.

एका वर्षी गंमत झाली. कुणा बाईने आपल्या तान्ह्याचं पिवळं दुपटं वाळत घातलं होतं, आमच्या डब्याच्या चार डबे अलीकडे. आई धापा टाकत तिथे पोहोचली, गजांतून बोचकं आत ढकललं, "घे गं बाय, पोहे नव्या भाताचे हायेत, आजच कांडून आनले," आणि मग वर बघितलं तर समोर कुणी भलतीच. तोवर आतल्या मंडळींनी बोचकं हातोहात आत घेतलं होतं आणि "लई उपकार झाले मावशी" सुद्धा म्हणून टाकलं होतं. परत मागायचं कसं? आई रिकाम्या हाताने माझ्या खिडकीशी आली. दत्तू इतका हसत होता की त्याला बोलता येईना. मी हळहळले. आई म्हणाली, "जाऊ दे. खाल्लं ना कुनीतरी परवासात." मग गाडी सुटेपर्यंत आम्ही तिघं नुसते हसत होतो. ती भेट सगळ्यात चांगली गेली असं मला अजून वाटतं.

एरवी त्या भेटी फार विचित्र असायच्या. वर्षभर मनात साठवलेलं काही म्हणजे काही बोलून व्हायचं नाही. आईचा हात गजांतून आत यायचा आणि दिसेल त्याला लागायचा, माझ्या गालाला, रेवाच्या वेणीला, कधी शेजारच्या प्रवाशाच्या पिशवीलाही.

"पानी घेतलंस का गं?"

"घेतलं. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरली? पोर बारीक झाली."

"नाही गं, उंच झाली."

"जावई कुठं हायेत?"

हे वरच्या बाकावरून खाली वाकून नमस्कार करत. वडेवाला ओरडत जायचा. आणि मग मागून धक्का यायचा. मोठा नाही, बाटलीतलं पाणी हलेल इतकाच. आईला तो फलाटावर उभं राहूनही कळायचा.

"लागली गं पाठराखीन. हात आत घे."

ती चटकन मागे व्हायची आणि दत्तूलाही मागे ओढायची. गाडी हलली की मी गजांना गाल लावून जितकी दिसेल तितकी तिला बघायचे. दत्तूने नंतर मला सांगितलं, की गाडी जाताना आई माझ्याकडे फार वेळ बघत नसे. ती शेवटचं इंजिन यायची वाट बघायची आणि ते समोरून गेलं की हात जोडून म्हणायची, "सांभालून ने गं बाय माजी." इंजिनाला बाय म्हणणारी माझी आई. माझा डबा तेव्हा फलाट सोडून पुढे गेलेला असायचा. पळसदरी, ठाकुरवाडी गेली की खाली दरीत आमच्याकडची खाचरं दिसायची, कापणीला आलेली, पिवळी. तेवढं बघून मी खिडकीकडे पाठ करायचे.

मग आम्ही मोटार घेतली. त्यात दुःखाचं काही नव्हतं, पेढे वाटले होते. रेवा मोठी झाली होती, सासूबाईंचं औषधपाणी घेऊन जायचं असायचं, आणि सणाच्या दिवसांत रेल्वेची तिकिटं मिळणं म्हणजे देव भेटण्यापैकी. मी आईला फोन केला.

"मग कर्जतला कुठं थांबनार मोटार?"

"मोटार कर्जतवरून नाही जात, आई. खालापूरवरून जाते. सरळ हायवे आहे."

मग म्हणाली, "घाट कसा चढनार?"

"आपोआप चढते गं."

"पाठराखीन कुठं लागंल?"

"मोटारीला नाही लागत."

"नाय कशी लागत? घाट तोच हाय ना?"

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवाळीत खालापूरच्या टोल नाक्यावर आमची गाडी पुरती थांबलीसुद्धा नाही. काचेवरच्या फास्टॅगने पैसे घेतले, दांडा वर झाला, आणि बघता बघता आम्ही लोणावळा मागे टाकलं. ह्यांना फार आनंद झाला. प्रवास असावा तर असा, म्हणाले. मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. आमसुलं होती, पाणी होतं, सगळं होतं.

पाडव्याच्या दिवशी दत्तूचा फोन आला. आई कर्जतच्या फलाटावर जाऊन आली होती. बोचकं घेऊन. त्याने परोपरीने सांगितलं, अगं ती नाही येणार ह्या गाडीने. आई म्हणाली, ठाऊक हाय मला. गाडी तर येनार ना? पाठराखीन तर लागनार ना? मग फोन तिने स्वतःच घेतला.

"पिवला टावेल कुठं नवता," ती म्हणाली. "एक बाई बसली होती खिडकीला. माहेरवाशीनच वाटली. दिले तिला पोहे."

मी सासरच्या स्वयंपाकघरात होते. चुलीपुढे रडायची सोय असते, धुराचं नाव सांगता येतं. आता तिथे गॅस आहे, त्यामुळे कांदा चिरायला घेतला.

पुढे काही वर्षं असंच चाललं. ती फलाटावर गेली की नाही ते मी विचारायची नाही, ती सांगायची नाही. आणि मग गेली दिवाळी. त्या दिवाळीसाठी मी हे सगळं लिहिते आहे. दसऱ्याला आईचा फोन आला, आणि सुरुवात अशी केली की जणू मधली वर्षं नव्हतीच.

"मी काय म्हनते, तुमच्या मोटारीला मागं जागा हाय का?"

"आहे की. का गं?"

"मग यंदा मीच येते. घाटापुरती."

आईला घ्यायला हायवे सोडून घाटाच्या पायथ्याशी खोपोली गावात शिरायचं ह्यांच्या जिवावर आलं होतं. सणाची वाहतूक, जुना रस्ता, ट्रक. पण सासूचा शब्द, गाडी वळवली. खोपोलीच्या एसटी स्टँडजवळ आलो आणि मला लांबूनच दिसलं. गर्दीत, रिक्षा आणि टेंपोंच्या मधोमध, एक म्हातारी हात उंच करून पिवळा टॉवेल हलवत होती. आमचा जुना टॉवेल फाटून कधीच पायपुसणं झाला होता. हा तिने कर्जतच्या बाजारातून नवा आणला होता.

"मला काय कलतंय तुमची मोटार कुठली," ती आत बसता बसता म्हणाली. "मी तरी तुमाला कलायला नको?"

दत्तूही होता, तिला परत न्यायला. रेवा त्या वर्षी आमच्याबरोबर नव्हती. मी पुढची जागा सोडायला निघाले तर आई म्हणाली, "नाय नाय, पाठराखीन मागंच बसते." दत्तूने तिला पट्टा लावला तेव्हा, "बांदून घातलंस का रं मला?" असंही झालं. वीजघराचे डोंगरावरून उतरणारे मोठाले पाइप मागे पडले आणि चढ सुरू झाला. शिंगरोबाच्या देवळाशी तिने हात जोडले. आणि मग ते हात मांडीवर परत गेलेच नाहीत. दोन्ही तळवे तिने ह्यांच्या सीटच्या पाठीला लावले आणि ढकलायला लागली. अगदी मनापासून. वळण आलं की जास्त, सपाट लागलं की जरा कमी.

ह्यांना पाठीत कळत होतं. आरशात बघून म्हणाले, "आई, काही हवंय का?"

"काय नाय. तुमी चालवा."

दत्तू खिडकीबाहेर बघत खांदे हलवत हसत होता. मी वळून तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं, नजर रस्त्यावर, आणि कपाळाला घाम. मी पण हसायचं थांबवलं.

राजमाचीचा पॉइंट म्हणतात तिथे आम्ही थांबलो. खाली आमचं सगळं खोरं. आईने पहिल्यांदा ते वरून बघितलं. मी बोट करून दाखवत होते, ती नदी, ते कोंडाण्याच्या बाजूचं रान, गाव असेल त्या तिथे कुठेतरी झाडांत.

"येवढंसंच हाय का गं आपलं?"

"वरून तसं दिसतं."

"म्हंजे तू वरनं बघत जायचीस."

"हो."

"आन् मी खालनं ऐकायची." एवढंच म्हणून ती गाडीकडे वळली.

लोणावळ्याला तिने चहा घेतला, बशीत ओतून. मी म्हटलं, आलीच आहेस तर चल पुढे, माझं घर बघ, सासूबाईंना किती आनंद होईल. मी हात धरून सांगत होते, आणि मला ठाऊक होतं की मी मुलीसारखी हट्टाला पेटले आहे.

"फुडं सपाट हाय ना?" तिने ह्यांना विचारलं.

"हो आई. सपाट आहे सगळं."

"मग झालं. घाटाफुडं पाठराखिनीचं काम नाय." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. इतक्या दिवाळ्यांनंतर मध्ये गज नव्हते. मग ती दत्तूबरोबर खोपोलीच्या एसटीकडे चालू लागली. टॉवेल सीटवरच राहिला होता. मी हाक मारली. तिने मागे न बघताच हाताने सांगितलं, असू दे.

पावसाळ्यात भातलावणी उरकली आणि आई गेली. आजार असा नव्हता. सकाळी उठली नाही. मी पोहोचले तेव्हा पाऊस इतका होता की डोंगरावरची गाडीही ऐकू येत नव्हती.

आता मला तिची आठवण घरात येत नाही, तिच्या फोटोपुढेही येत नाही. प्रवासाची तयारी सुरू झाली की येते. पिशवी भरताना, आमसुलं डबीत घालताना, कुणी "हवा बघितली का" असं ओरडलं की. आणि मग इतकी येते की हातातलं काम ठेवून द्यावं लागतं. मला तिच्याशी मोठं काही बोलायचं नाही. पाणी घेतलंस का, एवढंच तिने पुन्हा एकदा विचारायला हवं आहे.

यंदा निघालो तर रेवा म्हणाली, हायवेनेच जाऊ, घाट चुकवून बोगद्यातून जाणारा रस्ताही होतोय म्हणे, मग तर घाटच नाही. मी म्हटलं, आहे तोवर खोपोलीवरून घे. ती कुरकुरली, तिला ट्रकांची भीती होती, पण तिने घेतली. एसटी स्टँडजवळ मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मागच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या ह्यांना म्हटलं, "तुम्ही पुढे या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुडघा धरत उतरले आणि माझ्या जागेवर पुढे जाऊन बसले.

"आई, तू मागे कशाला?" रेवा म्हणाली.

"घाट आहे."

"मग?"

मी तिच्या मागे बसले आणि पट्टा लावला. चढ सुरू झाला. पुढे ट्रक, मागे बस, पहिल्या वळणाला रेवाचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसले. शिंगरोबाला मी हात जोडले. मग ते हात खाली घेतले नाहीत.

"आई, सीट ढकलतेयस का तू?"

"काय नाय," मी म्हटलं. "तू चालव."